जनावरांची आंतरराज्य वाहतूक : नियम कोणाचे, भुर्दंड कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सांगोल्याचा जनावरांचा बाजार, आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची यात्रा आणि कर्नाटकात रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्कादेवीची जत्रा ही कागदावर दोन राज्यांतील ठिकाणे आहेत. खिलार बैलाच्या दृष्टीने तो एकच मुलूख होय. राज्यांच्या सीमा भाषेच्या आधारे आखल्या गेल्या आणि ते योग्यच झाले. परंतु जनावरांचा व्यवहार गवत, पाणी आणि जातिवंत वळू यांच्या मागोमाग चालत आला आहे आणि त्याने सीमेची फारशी दखल घेतली नव्हती. आज ती घ्यावी लागते. जत तालुक्यातील शेतकऱ्याने आपली बैलजोडी अथणीच्या गिऱ्हाइकाला विकली, तर ती टेम्पोत चढल्यापासून उतरेपर्यंत तीन निरनिराळ्या हेतूंनी केलेले तीन प्रकारचे नियम तिला लागू होतात. पहिला हेतू साथीच्या रोगांना अटकाव करण्याचा, दुसरा प्राण्यांचा छळ थांबविण्याचा, तिसरा गोवंशाची कत्तल रोखण्याचा. हे तिन्ही हेतू एकमेकांत मिसळून टाकल्यामुळे या प्रश्नाची चर्चा नेहमी आडरानात शिरते. म्हणून प्रथम ते वेगळे केले पाहिजेत आणि प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारला पाहिजे : याचा लाभ कोणाला आणि याचा खर्च कोणाच्या अंगावर?

घटनाकारांनी हे विषय वेगळेच ठेवले होते. पशुधनाचे रक्षण व संवर्धन आणि पशुरोगांचा प्रतिबंध हा राज्यसूचीतील पंधरावा विषय. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध हा समवर्ती सूचीतील सतरावा, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे हा त्याच सूचीतील एकोणतिसावा. आंतरराज्य व्यापार केंद्राकडे. यावर कलम 301 चे छत्र : देशभर व्यापार व दळणवळण मुक्त असेल, राज्याला त्यावर बंधन घालायचे असेल तर ते वाजवी आणि सार्वजनिक हिताचे असले पाहिजे. अठ्ठेचाळिसाव्या कलमातील गोवंशाविषयीचे मार्गदर्शक तत्त्व सर्वांना पाठ असते. त्याच कलमाचा आरंभ शेती व पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पायावर उभे करण्याच्या आदेशाने होतो, हे मात्र सभांतून क्वचितच ऐकू येते.

रोगप्रतिबंधाचे नियम हे या तिन्हींत सर्वांत निर्विवाद आहेत. बुळकांडीने एकेकाळी या देशातील गोठेच्या गोठे रिकामे केले. 1954 पासून राष्ट्रीय पातळीवर लसीकरणाची मोहीम चालली, राज्यांच्या सीमांवर जनावरांची तपासणी व लसटोचणी करणारी नाकी उभी राहिली आणि अखेर 2006 साली भारत बुळकांडीमुक्त ठरला. 2011 साली तो रोगच जगातून नाहीसा झाला. हे काम खाजगी उद्योगाने केलेले नाही. सरकारी पगारावरच्या पशुवैद्यांनी, पट्टीबंधकांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून केलेले ते काम आहे. सार्वजनिक क्षेत्राने काय साधले असे कोणी उपहासाने विचारले, तर या एका उदाहरणाने त्याला निरुत्तर करता येईल.

2009 साली जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधी केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार राज्य सरकारला एखादा प्रदेश नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि तेथून जनावरांची ने-आण थांबविता येते. या अधिकाराची खरी परीक्षा लम्पी चर्मरोगाच्या वेळी झाली. हा रोग भारतात प्रथम 2019 साली ओडिशात आढळला. 2022 साली कच्छ आणि राजस्थानातून तो वणव्यासारखा पसरला आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात पोहोचला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातील जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. हे आवश्यक होते. हा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत गोठ्यागोठ्यांत फिरतो; परंतु शंभर-दोनशे मैलांची उडी तो प्रामुख्याने ट्रकमधून आलेल्या जनावरामुळे घेतो. ती उडी रोखणे सरकारच्याच हाती असते. राज्य सरकारने त्या वेळी दगावलेल्या जनावरांसाठी मदतही दिली : दुधाळ जनावराला 30 हजार, ओढकाम करणाऱ्याला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये. सरकारचे जे चांगले झाले ते चांगले म्हणण्यात विरोधी पक्षाने संकोच करण्याचे कारण नाही.

परंतु हिशेब येथे अर्ध्यावरच थांबला. ज्याची गाय मेली त्याला काही मिळाले. ज्याची जगली, पण बाजार बंद असल्यामुळे रब्बीच्या पेरणीसाठी जो आपला खोंड विकू शकला नाही आणि सावकाराच्या दारी गेला, त्याचे नाव कोणत्याही यादीत आले नाही. बाजार बंद ठेवण्याचा लाभ साऱ्या समाजाला झाला. ज्यांच्या दावणीला रोग आलाच नाही त्यांना तर सर्वाधिक झाला. त्याची किंमत मात्र ज्याला नेमकी त्याच महिन्यात विक्री करणे भाग होते त्याने चुकती केली. अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात या प्रकाराला नाव आहे; साध्या मराठीत त्याला अन्याय म्हणतात.

कोंबड्यांच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. प्रवासी याची गंमत वाटून छायाचित्रे काढतात. विषाणूनेही ती सीमा मानली नाही. शेजारच्या गुजरातमधील उच्छल भागातही तो सापडला. लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. 2021 च्या आरंभी हा रोग पुन्हा आला, परभणी जिल्ह्यात आणि पुन्हा नवापुरात. त्या जानेवारीत दिल्लीने बाहेरून येणारे जिवंत पक्षी अडविले, मध्य प्रदेशाने केरळ आणि दक्षिणेकडील राज्यांशी कोंबड्यांचा व्यापार काही दिवस बंद केला. प्रत्येक राज्याने आपापले दार लावून घेतले. शेजाऱ्याकडे खरोखर रोग आहे की केवळ भीती आहे, हे पाहण्याची वाट फारशी कोणी पाहिली नाही.

येथे भरपाई कोणाला मिळते? पक्ष्याच्या मालकाला. आज ब्रॉयलरचा धंदा मोठ्या प्रमाणावर कंत्राटी पद्धतीने चालतो. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि रात्रीचा दिवस करणारे कुटुंब शेतकऱ्याचे. पक्षी मारले गेले तर मालकीचा पुरावा कंपनीजवळ असतो. शेतकऱ्याजवळ रिकामी शेड आणि बँकेचा हप्ता उरतो. शेडवर राबणाऱ्या आदिवासी मजुराचा तर त्या हिशेबात उल्लेखही नसतो. आणि परिघात येणाऱ्या पाड्यावरील बाई, जिच्या पाचसहा गावरान कोंबड्या हीच तिची आठवडी बाजाराची मिळकत, तिची कोंबडीही त्याच पोत्यात जाते. रोगाच्या दृष्टीने ते आवश्यक असेलही. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिची परसातली कोंबडी नव्हती, दहा हजार पक्ष्यांची शेड होती.

आता दुसरा हेतू, छळप्रतिबंधाचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने 1960 साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि त्याखाली 1978 साली वाहतुकीचे नियम आले. जनावर प्रवासास योग्य आहे व त्यास संसर्गजन्य रोग नाही असा पशुवैद्याचा दाखला हवा. मालट्रकमध्ये सहापेक्षा अधिक गाई-बैल नकोत. बरोबर माणूस, चारा, पाणी हवे. 2001 साली कोंबड्यांसाठी वेगळे प्रकरण जोडले गेले आणि पायी नेण्याविषयीही नियम झाले : पाच किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर असेल तर दाखला हवा, सूर्यास्तानंतर चालविता कामा नये. 2016 पासून मोटार वाहन नियमांनुसार गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि प्रत्येक गाई-म्हशीस दोन चौरस मीटर जागा हवी.

या नियमांमागची भावना सुसंस्कृत आहे. ज्यांनी पाय बांधून एकावर एक रचलेली जनावरे ट्रकमध्ये पाहिली आहेत, ते या नियमांची थट्टा करणार नाहीत. समाजवाद हा केवळ माणसांच्या दुःखाशी संबंधित विचार आहे असे मानण्याचेही कारण नाही. परंतु जो नियम पाळताच येत नाही तो जनावराचे दुःख कमी करीत नाही, तो फक्त हप्त्याचा दर ठरवितो. कोंबड्यांच्या नियमात म्हटले आहे की, तापमान 25 अंशांच्या वर वा 15 अंशांच्या खाली असताना पक्षी नेऊ नयेत. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा खानदेशात 25 अंशांखाली तापमान असलेला तास शोधून काढावा लागेल! कप्पे असलेली गाडी तालुक्यात शोधली तर सहसा सापडत नाही. जनावर विकले जाते बाजाराच्या दिवशी, दुपारी. दाखला देणारा पशुवैद्य चार गावांचा भार सांभाळीत दुसरीकडे गेलेला असतो. आणि खुद्द 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड किती? दहा ते पन्नास रुपये. एकीकडे कायदा इतका स्वस्त आणि दुसरीकडे पालन इतके महाग असले की, मधल्या जागेत जो व्यवहार होतो तो नाक्यावर उभ्या असलेल्या कोणासही ठाऊक आहे.

तिसऱ्या हेतूकडे वळताना प्रथम इतिहास पाहावा. महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा 1976 चा. तो 1978 मध्ये अमलात आला. त्याने गाईच्या कत्तलीस बंदी घातली, पण वळू आणि बैल यांना, शेतीस वा पैदाशीस निरुपयोगी असल्याचा दाखला मिळाल्यास, मोकळीक ठेवली. 2015 च्या मार्चमध्ये दुरुस्ती अमलात येऊन ती मोकळीक गेली आणि त्याबरोबर कत्तलीच्या हेतूने गोवंश राज्याबाहेर नेण्यासही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. इतकेच नव्हे, तर आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकण्यात आला. हे शेवटचे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये घटनाबाह्य ठरविले, मूळ बंदी मात्र कायम ठेवली. कर्नाटकाचा 2020 चा तसाच कडक कायदा 2021 च्या जानेवारीत लागू झाला आणि दोन्ही राज्यांतून येणाऱ्या जनावरांवर अवलंबून असलेल्या गोव्याची कोंडी झाली.

न्यायालयाने भार काढला तरी रस्त्यावर तो उतरलेला नाही. बैल शेतीसाठी चालला आहे की कत्तलीसाठी, हे बैलाकडे पाहून सांगता येत नाही. हेतू माणसाच्या मनात असतो. म्हणून संशय माणसाच्या नावावरून आणि पेहरावावरून घेतला जातो. गाडी अडविणाराही पुष्कळदा पोलीस नसतोच. 2017 सालच्या केंद्रीय नियमांनुसार जप्त जनावरे खटला चालू असताना गोशाळेत वा पांजरपोळात ठेवता येतात आणि त्यांच्या पोषणाचा खर्च मालक, वाहतूकदार यांच्याकडून वसूल करता येतो. म्हणजे शेतकरी वा व्यापारी निर्दोष सुटला तरी तोवर जनावराच्या किमतीएवढा खर्च चढलेला असू शकतो. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या बाजारविषयक नियमांत तर राज्याच्या सीमेपासून 25 किलोमीटरच्या आत जनावरांचा बाजार भरूच नये असे होते! मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. अन्यथा सीमेलगतच्या किती बाजारांच्या दावणी उखडल्या गेल्या असत्या, याचा विचार दिल्लीत कोणी केला असेल असे वाटत नाही. 2022 च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात कच्छच्या रबारी पशुपालकांचे 58 उंट अडवून गोशाळेत ठेवण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात कळप घेऊन येणाऱ्या या लोकांना आपण भटके आहोत, तस्कर नाही, हे पटवून द्यावे लागले.

या तिसऱ्या नियमाचे अर्थकारण थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण आपले कार्यकर्ते येथे बहुधा धर्मनिरपेक्षतेचे भाषण करून थांबतात आणि शेतकरी मान डोलावून घरी जातो. समजा, एका शेतकऱ्याने 40 हजारांना बैल घेतला. आठ वर्षे औत ओढून तो थकला आणि 15 हजारांना विकला गेला. बैलाची झीज झाली 25 हजार, म्हणजे वर्षाला 3125 रुपये. त्या 15 हजारांत भर घालून नवा खोंड दावणीला येत असे; नांगर चालू राहत असे तो याच रकमेच्या आधारावर. आता थकल्या बैलाला गिऱ्हाईकच नसेल तर झीज होते वर्षाला 5000 रुपये. बैल ठेवण्याचा भांडवली खर्च एका फटक्यात 60 टक्क्यांनी वाढला. शिवाय निकामी बैलाचा चारा. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाईला राज्यमाता घोषित केले आणि गोशाळांना देशी गाईमागे रोज 50 रुपये देण्याचे ठरविले. म्हणजे एका जनावराच्या पोषणाला दिवसाला निदान 50 रुपये लागतात हे सरकारनेच मान्य केले आहे. वर्षाचे झाले 18,250 रुपये. गोशाळेच्या दावणीला बांधलेल्या जनावरासाठी सरकारी तिजोरी उघडते. तेच जनावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यात उभे असले की ती बंद!

1969-70 च्या सुमारास वि. म. दांडेकर आणि के. एन. राज यांच्यात जनावरांच्या संख्येवरून गाजलेला वाद झाला होता. अतिरिक्त जनावरे खरोखर अतिरिक्त आहेत काय, त्यांना कोण कशासाठी पोसतो, हा त्याचा विषय. तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. पण त्या काळी विद्वान या प्रश्नाकडे चारा, शेण, ओढशक्ती आणि भांडवल यांच्या भाषेत पाहत होते, हे सांगितले पाहिजे. 1958 साली सर्वोच्च न्यायालयानेही निरुपयोगी झालेल्या बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी वाजवी नाही असे म्हटले होते. 2005 साली गुजरातच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ते मत बदलले. शेण आणि मूत्र देणारे जनावर कधीच निरुपयोगी होत नाही, असा एक मुद्दा त्यात होता. शेणाचे मोल न्यायालयाने मानले; ते मोजून पैसे देणारा मात्र अजून कोणी नेमलेला नाही.

परिणाम आकड्यांत दिसू लागले आहेत. 2012 आणि 2019 च्या पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातील गोवंश सुमारे 10 टक्क्यांनी घटला. देशभरात नर गोवंश सुमारे 30 टक्क्यांनी. ट्रॅक्टर हे याचे मोठे कारण आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण ज्या वस्तूची शेवटची किंमत कायद्याने शून्याकडे नेली, ती वस्तू लोक कमी बाळगतात, हेही तितकेच खरे आहे. संरक्षणाच्या कायद्याखाली बैल नाहीसा होत चालला आहे.

दुष्काळात तर आंतरराज्य बाजार हा शेतकऱ्याचा विमा असतो. माण, सांगोला, आष्टी, पाटोदा येथे कडबा संपतो तेव्हा सारेच एकदम विकायला निघतात; गावातला भाव कोसळतो. तो सावरतो कोण? जेथे पाऊस झाला आहे अशा दुसऱ्या राज्यातून आलेला गिऱ्हाईक. दुष्काळ सर्व राज्यांत एकाच वेळी पडत नाही, म्हणूनच हा विमा चालतो. सीमेवर संशयाची भिंत उभी राहिली की तो गिऱ्हाईक येत नाही आणि मग सरकारला चारा छावण्या काढाव्या लागतात.

2025 साली राज्यातील अनेक बाजारांत कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबविली. रस्त्यावरची अडवणूक, मारहाण, जप्ती यांना ते कंटाळले होते. त्यांची दैन्यावस्था पाहून जे हळहळले नाहीत त्यांनाही आठवडाभरात कळले की, भाकड म्हशीला, थकल्या बैलाला बाजारात कोणी हात लावीत नाही. तेव्हा सर्वांत मोठा ओरडा शेतकऱ्यांनी केला. हिंदू शेतकरी आणि मुसलमान हेडी यांचे हित एकाच दाव्याला बांधलेले आहे, हे वर्षानुवर्षांच्या प्रचारसभांनी जे पटविता आले नव्हते ते त्या काही बाजारांनी पटविले.

गोसेवेच्या भावनेचा येथे अवमान करण्याचा हेतू नाही. आपल्याच चळवळीत विनोबांना मानणारे पुष्कळ आहेत आणि 1979 च्या त्यांच्या उपोषणाने अनेकांची मने हलली होती. पण वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरीस गोसेवा हाती घेतली तेव्हा गाय राखण्याचा खर्च ती राखू इच्छिणाऱ्यांनी उचलावा, हे त्यात गृहीत होते. आजचा कायदा राखण्याचे पुण्य सरकारच्या नावे जमा करतो आणि खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावे टाकतो.

यातून पक्षाने मागण्या काय कराव्यात? रोगाच्या काळात सीमा व बाजार बंद करण्याचा सरकारचा अधिकार निःसंकोच मान्य करावा; मात्र बंदीच्या काळात अडलेल्या विक्रीचीही भरपाई कायद्यात लिहून घ्यावी आणि कंत्राटी कुक्कुटपालकास तिच्यात स्वतंत्र वाटा असावा. राज्यात 1 जून 2024 पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री व वाहतूक बंद आहे. बिल्ला आहे, लसीची नोंद आहे, तर बाजारातच बसलेल्या पशुवैद्याने दिलेला एकच दाखला दोन्ही राज्यांत पुरेसा मानला जावा. बाजाराच्या दिवशी पशुवैद्य बाजारात हजर असणे हे बाजार समितीचे आणि पशुसंवर्धन खात्याचे बंधनकारक कर्तव्य ठरवावे. गाडी तपासण्याचा अधिकार सरकारी नोकराखेरीज कोणालाही असू नये आणि जप्त जनावराचा खर्च निकाल लागेपर्यंत सरकारने सोसावा. बैलाच्या कत्तलीवरील बंदी सरकारला ठेवायचीच असेल, तर थकलेला बैल बाजारभावाने विकत घ्यावा, नाहीतर गोशाळेला मिळणारे रोजचे 50 रुपये शेतकऱ्याच्या गोठ्यातील निकामी जनावरालाही द्यावेत. अर्थखात्याला हा आकडा पेलणार नाही असे उत्तर येईल. मग तोच आकडा आज शेतकरी पेलीत आहे, हे त्या खात्याला लेखी मान्य करायला लावावे.

प्रत्यक्ष काम आताच सुरू करता येण्यासारखे आहे. सीमाभागातील तालुका समित्यांनी पुढच्या दोन महिन्यांत आपापल्या बाजारात बसून साधी टिपणे करावीत : थकल्या बैलाला भाव काय मिळाला, मागे परत किती नेले गेले, दाखल्यासाठी किती तास थांबावे लागले, नाक्यावर पावतीविना काय द्यावे लागले. शेतकरी, हेडी आणि टेम्पोचालक या तिघांनाही विचारावे, कारण एकाचे उत्तर दुसऱ्याने तपासले जाते. कागल, जत, उमरगा, देगलूर, नवापूर एवढ्या पाच ठिकाणांची टिपणे हाती आली, तरी अधिवेशनापूर्वी आमदारांच्या हाती प्रश्नांची यादी देता येईल.